तोडकरबाईंचा खुलासा

एका दूध संघाचे व्यवस्थापक हेरवाडे साहेब स्वतःला कॉम्प्युटरमधले मोठे जाणकार समजत. एका सकाळी त्यांना मेल आला : ‘एका बड्या कंपनीने कालच जाहीर केले आहे की नवा व्हायरस सगळे कॉम्प्युटर जाळून टाकणार आहे. सर्वांना ताबडतोब कळवा!’ साहेबांनी तो छापून फळ्यावर लावला आणि ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बंद करायला लावले.

हिशेबनीस तोडकरबाईंनी मात्र आपला चालूच ठेवला, कारण दूधवाल्यांची बिलं अडली असती. साहेब भडकले. “लेखी खुलासा द्या, नाहीतर घरी बसा!”

बाईंनी एका ओळीत लिहून दिलं, ‘खुलासा उद्या देते.’

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, “खुलासा कुठाय?”

“उद्या देते म्हणून लिहिलंय की, साहेब.”

तिसऱ्या दिवशीही तेच उत्तर आलं, तेव्हा साहेब सगळ्यांसमोर ओरडले, “अहो, कुठला उद्या? तारीख नको लिहायला?”

“मग फळ्यावरचा तो ‘काल’ तरी कुठला, साहेब?” बाई म्हणाल्या. “माझं लग्न ठरलं तेव्हा हाच मेल आला होता. तेव्हाही कंपनीनं कालच जाहीर केलं होतं. आता माझी पोरगी दहावीला आहे! तुमचा काल कधी झाला ते सांगा, मी माझा उद्या कधी ते सांगते.”

ऑफिसात खसखस पिकली. साहेबांनी फळ्यावरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, काढला आणि खिशात कोंबला.

“खुलासा मिळाला, बाई,” ते पुटपुटले. “करा रे चालू कॉम्प्युटर.”