बुरुजावरचं तबक

एकदा एक खोबऱ्याचा व्यापारी आपल्या लेकीचं मनगट धरून एका वृद्ध गुरुजींच्या पाठशाळेत शिरला, आणि इतक्या तावातावानं शिरला की जोडे बाहेर काढायचंही त्याला भान राहिलं नाही. गाव समुद्राकाठचं, खाडीच्या मुखाशी वसलेलं. पाठशाळा जुन्या टेहळणीच्या बुरुजाला टेकून होती.

"गुरुजी, हिला काहीतरी सांगा," तो धापा टाकत म्हणाला, "नाहीतर मला तरी सांगा! कोणा एकाला सांगा, पण आज सांगा. उद्या सकाळी हिचा मामा गाडी घेऊन दारात येतोय."

प्रकरण काय होतं ते आधी ऐका. त्या गावात एक रीत होती. उष्टावणाच्या दिवशी बाळाला खिरीचा पहिला घास भरवला की त्याच्यासमोर तबक मांडायचं. तबकात पोथी, खल, सुई, झारा, मूठभर माती. बाळ ज्याला पहिला हात लावील तो त्याचा व्यवसाय. ही रीत तुमच्याआमच्या घरीही कुठे कुठे असते, पण आपण हसतो, बाळाचा मुका घेतो आणि विसरून जातो. हे गाव विसरत नसे. मुलगा असो वा मुलगी, हात लागला की शिक्का बसला! गावच्या आचाऱ्यानं म्हणे लहानपणी झारा पकडला होता. बिचारा जन्मभर आमटीत मीठ घालायला विसरला, पण गावानं त्याला आचारीच ठेवला आणि आमटी तशीच ओरपली.

व्यापाऱ्याची ही एकुलती एक लेक, मथुरा, घरात मथू. तिनं उष्टावणाला तराजूला हात लावला होता. बापाला कोण आनंद झाला होता! पण मुलगी मोठी होऊ लागली, बोलू लागली, आणि दर ऋतूला तिचा एक नवा धंदा निघू लागला.

"मी मामाकडे जाणार नाही," मथूनं गुरुजींनाच सांगून टाकलं. तिचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज खणखणीत होता. "मी माहूत होणार."

"ऐकलंत?" व्यापाऱ्यानं कपाळावर हात मारला. "आता माहूत! मागच्या जत्रेपर्यंत पाडेली होणार होती, माडावर चढून नारळ पाडणार म्हणे. मी नारळ विकतो आणि माझी लेक ते पाडणार! त्याआधी पतंग उडवून पोट भरणार होती. त्याच्याही आधी ह्या बुरुजावरून शिंग फुंकून वर्दी देणारा शिंगवाला. अहो, शिंगवाल्याचे गुडघे गेले, तो खाली उतरला त्याला किती काळ लोटला, बुरूज ओस पडलाय! हिच्या मामाची घाटावर मोठी पेढी आहे. तिथं चार वर्षं तराजूमागे बसली तर शहाणी होईल. पण कालपासून अन्नाला शिवली नाही हो. माझ्याच्यानं बघवत नाही आणि रीतही मोडवत नाही."

बाप वाईट नव्हता हो. घाबरलेला होता.

गुरुजींनी शेजारी बसलेल्या शिष्याकडे पाहिलं. त्याचं नाव विश्वंभर. वयानं तरुण, पाठांतरात सर्वांच्या पुढे. पण अलीकडे पोथी उघडली की त्याला जांभई येई, आणि जांभई आली की स्वतःचाच राग येई. आपण चुकीच्या जागी आलो की काय, ही शंका त्यानं गुरुजींपुढे अजून उच्चारली नव्हती.

"बोल विश्वंभरा. तुझा निर्णय काय?"

"चित्त चंचल आहे, गुरुजी," तो उत्तरला. "बालवयातली स्वप्नं म्हणजे पाण्यावरचे तरंग. चार स्वप्नं, चारही वेगळी. जिला काय हवंय ते ठाऊकच नाही, तिला तराजूशी बसवणंच हिताचं."

मथूनं त्याला जीभ काढून दाखवली.

गुरुजी हसले. मग व्यापाऱ्याला त्यांनी भलताच प्रश्न विचारला. "शेठ, उष्टावणाला तराजू तबकात कुठे मांडला होता?"

"तबकात? अहो, खोबऱ्याचा तराजू तो, तबकात कसा मावेल! आढ्याला टांगलेला होता. बाळानं तबकाकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही, थेट वर हात केले. उचलून धरली तर पारड्याची साखळीच पकडून बसली. सगळ्या आळीनं पाहिलंय!"

"असं होय," गुरुजी म्हणाले आणि एकदम उठून उभे राहिले. "विश्वंभरा, पळ. ही पोर जे जे व्हायचं म्हणाली त्या प्रत्येकाची एकेक वस्तू गावातून मागून आण. आज पुन्हा उष्टावण मांडायचं आहे!"

विश्वंभर आधी चकित झाला, मग निघाला. गावच्या मठाच्या हत्तीचा माहूत झोपला होता, त्याला उठवून अंकुश मागितला. पाडेल्याच्या बायकोकडून कोयता घेतला. एका पोराशी हुज्जत घालून त्याची पतंगाची आसारी आणली, मांज्यासकट. म्हाताऱ्या शिंगवाल्याच्या कानाशी ओरडून ओरडून शिंग मिळवलं. प्रत्येक दारात त्याला सगळी हकिकत सांगावी लागली, आणि प्रत्येक दारात ती आधीपेक्षा रंगत गेली. परतला तेव्हा अंगरखा घामानं भिजलेला, चेहरा फुललेला, आणि मागे निम्मं गाव.

"वा! आता हे सगळं ह्या तबकात मांड, आणि बुरुजाच्या माथ्यावर नेऊन ठेव," गुरुजी म्हणाले.

"माथ्यावर?"

"अगदी माथ्यावर."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. व्यापारी तर हातघाईवरच आला. "गुरुजी, तबक बाळासमोर मांडतात! बुरुजावर कोण मांडतं?"

"मी मांडतो. मथू, वर जा. पायऱ्या उंच आहेत, भिंतीला हात लावून चढ. जे हवं त्याला हात लाव आणि खाली येऊन मला सांग."

व्यापाऱ्यानं ह्या लेकीला बुरुजाची पहिली पायरीसुद्धा कधी चढू दिली नव्हती. तो "अगं, अगं" म्हणेस्तोवर ती पसार! सगळे माना वर करून उभे राहिले. तबक ठेवून विश्वंभर खाली आला. बराच वेळ काहीच घडेना.

"मथू!" गुरुजींनी खालून हाक दिली. "कशाला हात लावलास?"

वरून उत्तर नाही.

"मथू! तबक दिसलं का?"

"कुठलं तबक?" वरून आवाज आला. आणि मग ती अशी काही किंचाळली की बापाच्या काळजाचं पाणी झालं. "आल्या! आल्या! होड्या आल्या!"

आदल्या दिवशी वारं फिरलं होतं आणि कोळ्यांच्या होड्या परतल्या नव्हत्या. खाडीच्या तोंडाशी टेकडी आडवी येत असल्यामुळे खालून उघडा समुद्र दिसत नसे. कोळणी सकाळपासून वाळूत बसून होत्या. त्यांच्यातली एक, जाईबाय, धावतच बुरुजाखाली आली. "पोरी, नीट बघ गं! माझी दिसते का? शिडाला लाल ठिगळ हाय!"

"दिसते! सगळ्यात पुढे तीच आहे! तिच्यामागे निळ्या निशाणाची, तिच्यामागे अजून आहेत! मावशी, सगळ्या आहेत, एकमेकींच्या मागनं येताहेत!"

काय सांगू तुम्हाला! बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. जाईबाय रडत होती आणि रडता रडताच बुरुजाला नमस्कार करत होती. गाव धक्क्याकडे धावत सुटलं. वर मथू नाचत होती, आणि तिचं नाचणं पाहून व्यापाऱ्याचा धीर सुटला. "खाली पडेल हो!" असं ओरडत त्या स्थूल देहानं पायऱ्या चढायला सुरुवात केली. अर्ध्यावर श्वास लागला, तरी तो थांबला नाही.

तो चढला तो लवकर उतरलाच नाही. लेकीचा हात घट्ट धरून तो कठड्याशी उभा राहिलेला खालून दिसत होता. ती बोट दाखवी आणि तो तिकडे मान वळवी. जन्म ह्या गावात गेला, पण आपलं घर कुठे संपतं आणि समुद्र कुठे सुरू होतो, हे त्यानं आजवर एका दृष्टीत पाहिलं नव्हतं. दोघं खाली आली तेव्हा बापाचे डोळे ओले होते. तबक वरच राहिलं होतं.

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "हिनं कशालाच हात लावला नाही. मीही विसरलो."

गुरुजींनी मथूला जवळ घेतलं आणि मग बोलले. "शेठ, तुमची रीत खोटी नाही. तुम्ही ती वाचलीत मात्र उलटी. त्या दिवशी सगळं भुईवर होतं आणि एकच वस्तू उंच होती. बाळ उंचीकडे झेपावलं, तुम्ही तराजू पाहिलात. पुढे ती माहूत म्हणाली, तुम्ही हत्ती पाहिलात. ती हत्तीची पाठ मागत होती. माड, पतंग, बुरूज, सगळीकडून तिला एकच हवं होतं. उंचावरून दूरचं पाहायचं आणि खालच्यांना ओरडून सांगायचं. लहान मुलाला जगातल्या व्यवसायांची नावं कितीशी ठाऊक असणार? जे नाव त्या दिवशी समोर येतं ते ते उचलतं. नावं बदलतात म्हणून आपण त्याला चंचल म्हणतो. पण ही पोर जन्मापासून एकाच गोष्टीला चिकटून आहे, तुमच्याआमच्यापेक्षा घट्ट!"

"मग ही होणार तरी कोण?"

"ते मला काय ठाऊक? होडीवरची तांडेल होईल, वाटाडी होईल, ज्याला अजून नाव पडलेलं नाही असंही काही होईल. त्याची घाई कशाला? तिला खाली बसवू नका, एवढं पुरे."

व्यापारी मथूकडे वळून म्हणाला, "जेवशील ना आता? मामा येईल उद्या. त्यालाही वर घेऊन जाऊ. पण परत जाताना गाडीत तो एकटाच बसेल."

मथूनं बापाच्या गळ्यात अशी उडी घेतली की त्याचं पागोटं पडलं. ते उचलायचंही कोणाला सुचलं नाही.

सगळे पांगल्यावर विश्वंभर खाली मान घालून उभा होता. "गुरुजी, मी चारही स्वप्नं ऐकली, आणि मला चार वेगळीच दिसली."

"तू लहानपणी काय होणार होतास रे?"

तो लाजला. "जाऊ द्या, गुरुजी."

"सांग की!"

"दवंडी पिटणारा," तो पुटपुटला. "मग कासार, दारोदार बांगड्या भरणारा. मग पहाटेचा वासुदेव. घरचे हसायचे, म्हणून मी सोडून दिलं, आणि..." तो बोलता बोलता थांबला. दुपारची सगळी दारं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. माहूत, पाडेल्याची बायको, ते हट्टी पोरगं, बहिरा म्हातारा. "गुरुजी, आज मला दिवसभर एकही जांभई आली नाही!"

"मी तुझं तोंड पाहिलं ना, तू परत आलास तेव्हा," गुरुजी म्हणाले. "तुझी विद्या खरी आहे, बाळा. तिला बसवून ठेवलंस, म्हणून ती पेंगते."

विश्वंभरानं वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाठशाळेतली त्याची जागा रिकामी होती. पोथी काखोटीला मारून तो घरोघरी निघाला होता, जिथून कोणी कधी पाठशाळेत आलं नव्हतं अशा दारांकडे. पहिलं दार त्यानं जाईबायचं ठोठावलं, आणि त्याची हाक थेट पाठशाळेपर्यंत ऐकू आली.

आज संध्याकाळी तुमच्या घरातलं लेकरू पुन्हा एखादा नवाच धंदा जाहीर करील, तेव्हा हसू आवरा आणि एवढंच विचारा, "बरं, आणि तिथून तुला काय दिसेल गं?"