दुखणारे पाय

रंगराव शिंदे हार्ट अटॅकनं गेले. त्यांच्या तेराव्याला तात्यासाहेब निकम सगळ्यांत आधी पानावर बसले. ते पतसंस्थेचे चेअरमन. गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे, अगदी औषधपाण्यातही.

शेजारी रंगरावांचा धाकटा भाऊ महिपती बसला होता. त्यानं खिशातून कोलेस्टेरॉलची गोळी काढली आणि म्हणाला, "हिच्यानं पाय फार दुखतात."

"मग फेकून दे!" तात्यासाहेब गरजले. "डॉक्टरांचे धंदे सगळे. रंगरावालाही मीच बंद करायला लावली. पाय दुखायचे थांबले की नाही, विचार वहिनींना!"

महिपतीनं गोळी परत खिशात घातली.

दारात बसलेल्या रंगरावांच्या बायकोनं, इंदुताईंनी, मान वर केली.

"थांबले की, तात्यासाहेब. शेवटी तर चालायचेही कष्ट पडले नाहीत. चौघांनी खांद्यावरून नेलं. त्यात तुम्हीही होतात."

तात्यासाहेबांचा हात लाडवावरच राहिला.

इंदुताई दिराकडे वळल्या.

"भाऊजी, गोळी घ्या. उद्या डॉक्टरांना सांगू, ते बदलून देतील. तोवर दुखले तर दुखू देत. दुखणारे पाय संध्याकाळी घरी तरी येतात."