ज्याला शिंगं, त्यालाच मत

फार पूर्वी उत्तरेकडच्या थंड अरण्यात जर्मन टोळ्यांची माणसं सभा भरवून भाल्यांच्या खणखणाटाने होकार द्यायची. ते पाहून हरणांनीही सभा सुरू केली. होकार असला की शिंगांवर शिंगं आपटायची. 'ज्याला शिंगं, त्यालाच मत' हा नियम म्हाताऱ्या नायकाने, गुंथरने घालून दिला. माद्या रिंगणाबाहेरच राहिल्या.

हिवाळा सरत आला होता. गोठलेली नदी ओलांडून पलीकडे चरायला जावं का, हे ठरवायला सभा भरली. गुंथर निघाला आणि वाटेतच त्याची शिंगं गळून पडली. म्हाताऱ्यांची आधीच झडतात.

"आजोबा, तुम्ही बाहेर थांबा," एक तरुण नर अदबीने म्हणाला.

"अरे, मी नायक आहे!"

"नियमही तुमचाच आहे."

गुंथर रिंगणाबाहेर माद्यांमध्ये जाऊन उभा राहिला. शेजारून हिल्डा नावाची मादी म्हणाली, "बर्फ आतून तडकलाय. सकाळी पाय ठेवून पाहिला मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला?"

रिंगणात शिंगं खणखणली. "थांबा!" गुंथर जिवाच्या आकांताने ओरडला. कुणी वळूनही पाहिलं नाही. सगळे तरुण नर नदीकडे धावत सुटले. हिल्डाने पाडसाला पोटाशी ओढलं, आणि नदीवरून बर्फ फुटल्याचा आवाज आला.