भाच्याचं जावळ आणि केरबाचा व्हिसा

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गवळी होता. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा.

त्याची थोरली बहीण इंदू जर्मनीत राहायची. तिच्या मुलाचं जावळ काढायचं राहिलं होतं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, आणि मामा एकच, केरबा. मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत जावळ निघालं पाहिजे, असा घरचा रिवाज. तीन महिने उरले होते. केस डोळ्यांवर येऊन पोर भिंतीला धडकत होतं.

इंदूने विमानाचं तिकीट धाडलं. आधी दोन दिवस फ्रान्स बघायचा, मग दहा दिवस तिच्या घरी. व्हिसा केरबाने काढायचा. देश दोन, मग अर्ज करायचा कुठे? तो ओतारी मास्तरांकडे गेला.

मास्तर म्हणाले, "जिथे जास्त दिवस राहणार, तिथे अर्ज कर."

केरबाने विचार केला. आपण जास्त दिवस राहतो गावात. त्याने अर्ज ग्रामपंचायतीत दिला.

ग्रामसेवक म्हणाला, "इथे रहिवासी दाखला मिळतो. व्हिसा नाही."

"मग दाखला द्या. आलोय तर रिकामा कशाला जाऊ?"

मास्तर म्हणाले, "अरे, गावात नाही. प्रवासाला निघाल्यावर जिथे जास्त दिवस राहशील, तिथे."

केरबा प्रवासाला निघाला. मुंबईत उतरला. एक दिवस मावसभावाकडे राहिला, तीन दिवस लॉजवर. लॉजचे दिवस जास्त भरले. त्याने अर्ज लॉजच्या मॅनेजरला दिला.

मॅनेजर म्हणाला, "इथे खोली मिळते. व्हिसा नाही."

"खोली आहे की माझ्याकडे. चौदा नंबर."

या हेलपाट्यांत दोन महिने गेले, आणि केरबा गावी परतला. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "केरबा, जर्मनी. अर्ज जर्मनीच्या व्हिसाचा करायचा. कचेरीचा पत्ता हा घे. आणि अर्जात लिहिशील तसंच वागायचं. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही."

या वेळी केरबा बरोबर कचेरीत पोचला.

"कशासाठी जाताय?"

"मांडी द्यायला."

"परत याल कशावरून?"

"म्हैस दुसऱ्या कुणाला दूध देत नाही."

व्हिसा मिळाला.

इकडे इंदूची आशा सुटली होती. तिने फोन केला. "केरबा, तुझ्याच्याने व्हिसा होत नाही. शनिवारी आम्हीच पोराला घेऊन गावी येतोय."

"या," केरबा म्हणाला. व्हिसा झाला का, हे तिने विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

गुरुवारी तो फ्रान्सला उतरला. अर्जात दोन दिवस लिहिले होते. ते त्याने एका बाकावर बसून काढले.

शनिवारी गावात पाट मांडला होता. न्हावी वस्तरा घेऊन बसला होता. पोर रडत होतं. मामा कुठे दिसेना. तेवढ्यात इंदूचा फोन वाजला.

"ताई, दार उघड. कुलूप आहे."

"कुठल्या दाराला?"

"तुझ्या. जर्मनीतल्या."

इंदू मटकन पाटावर बसली. "केरब्या, आम्ही गावी येतोय म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलंस की. मी या म्हणालो."

"मग तू तिकडे का गेलास?"

"अर्जात दहा दिवस लिहिलेत. आज पहिला."

"आणि आज जावळ आहे, त्याचं काय?"

"त्याची काळजी करू नको. मी पायरीवर मांडी घालून तयार बसलोय. पोराला आणि न्हाव्याला तेवढं पाठवून दे. आणि न्हाव्याला सांग, अर्ज ग्रामपंचायतीत करू नको. तिथे व्हिसा मिळत नाही."