न विटणारा झेंडा

"पण बाबा, किती वर्षं टिकेल तेवढं सांगा."

खरसुंडे मास्तर अजून धापा टाकत होते. दीडशे पायऱ्या चढून टेकडीवरच्या दर्ग्यात आले होते, तेही खांद्यावर जडशीळ गुंडाळी घेऊन. त्या गुंडाळीत शहराचा झेंडा होता. नवी महानगरपालिका झाली, तिला स्वतःचा झेंडा हवा झाला, आणि ते काम येऊन पडलं पालिका शाळेच्या या चित्रकला मास्तरांच्या गळ्यात.

लतीफबाबांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. दर्ग्याचं हिरवं निशाण चाळीस वर्षं तेच हातानं शिवत होते, आणि बोलण्याची त्यांना भारी कंजुषी.

"आधी पाणी पी, मास्तर."

मास्तर पाणी प्यायले. मग त्यांनी गुंडाळी फरशीवर उलगडली.

"हे काय काय काढलंयस?"

"वर बुरूज. या गावानं सोसलं, पण पडलं नाही, म्हणून. मधला धोटा आपल्या विणकरांचा. खाली तळ्याच्या तीन लाटा."

"एवढंच?"

"एवढंच काय म्हणता, बाबा! दोन वर्षं गेली माझी. अकरा वेळा काढला. बाजारपेठेला तराजू हवा, तालमीला गदा हवी. एका नगरसेवकाला तर त्याच्या वॉर्डातली पाण्याची टाकी हवी होती, बोला! भांडून भांडून मेटाकुटीला आलो. आता कुणाशी एक शब्द बोलायचं त्राण नाही."

बाबांनी झेंड्यावरून हात फिरवला. मग नखानं टकटक केली.

"कापड कसलं?"

"ताडपत्री. वर ऑइलपेंटचे तीन हात. ऊन लागू दे, पाऊस लागू दे, विटायचं नाव नको. फक्त काठीच्या बाजूची शिवण राहिलीय. तीन शिंप्यांच्या सुया मोडल्या, म्हणून तुमच्याकडे आलो. उद्या सकाळी चढवायचाय."

"इतका जाड कशाला केलास?"

मास्तरांनी झेंड्याची कड हातानं सरळ केली.

"महिनाअखेरीला रिटायर होतोय, बाबा. पस्तीस वर्षं पोरांकडून फुलदाण्या काढून घेतल्या. बाजारात कुणी नमस्कारसुद्धा करत नाही. फार वाईट वाटतं हो. हा एक झेंडा तरी राहू दे. मी गेल्यावरही वर दिसू दे."

बाबा उठले. पेटीतून त्यांनी एक चिंधी काढली. वीतभर हिरवं कापड, एका बाजूला जाड शिवण, दुसऱ्या बाजूला नुसते दोरे.

"हे गेल्या उरुसाचं निशाण."

"यावर चांद होता ना?"

"होता."

"मग गेला कुठे?"

बाबांनी हनुवटीनं खालच्या माळाकडे दाखवलं. वारा तिकडेच वाहत होता.

"आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. मग नवं शिवायला बसतो."

एवढं बोलून त्यांनी दाभण घेतला. मास्तरांच्या झेंड्याला कडेनं दोन भोकं पाडली, दोरी ओवली, आणि अंगणातल्या रिकाम्या बांबूला तो बांधला. शेजारच्या काठीवर यंदाचं निशाण होतं. त्याची कड आत्ताच झिजायला लागली होती, आणि ते असं फडफडत होतं की आवाज अंगणभर घुमत होता.

मास्तरांचा झेंडा लोंबत राहिला.

वाऱ्याचा मोठा झोत आला. बांबू वाकला. झेंडा दारासारखा जरा उघडला, आणि धप्पकन परत बांबूवर आदळला. बुरूज जागच्या जागी होता. धोटाही होता. लाटांना एक सुरकुती पडली नव्हती.

"रंग बघा कसा..." मास्तर म्हणाले आणि थांबले.

दुसरा झोत आला. तिसरा आला. मास्तर वर बघत उभे राहिले. मान दुखायला लागली तसे खाली पायरीवर बसले.

"फडकत नाहीये," ते हळूच म्हणाले.

"नाही."

"आता काय करू, बाबा? अंगात काही उरलं नाही माझ्या."

बाबांनी आतून पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. कापड इतकं पातळ, की मास्तरांना त्यातून स्वतःची बोटं दिसत होती.

"यावर रात्रीतून काढीन मी. नाही म्हणत नाही. पण हे वर्षभरसुद्धा जायचं नाही!"

"सहा महिने. पावसाळा आला तर चार."

"चार महिने... मग माझं काय राहिलं, बाबा?"

बाबा सुईत दोरा ओवत होते. डोळे बारीक केले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा दोरा गेला.

"वाऱ्याला द्यायचं नसेल," ते म्हणाले, "तर भिंतीवर काढ."