परत न केलेला माल

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर इतका संतापला, की भर उन्हात टेम्पो थांबवायला लावून तो खाली उतरला आणि हमरस्त्याने पायी चालू लागला. गुरूंनी त्याला हाक मारली नाही. टेम्पो पुढे निघून गेला. हे असे का घडले, ते आधी सांगायला हवे.

शिष्याचे नाव हेरंब. स्वतःच्या हातांनी लाकडी विमान बांधावे आणि त्यातूनच आकाशात जावे, हा त्याचा ध्यास होता. अशी विमाने हौशी माणसे घरामागच्या शेडमध्ये बांधतात. पंखांच्या फासळ्या, सांगाडा, शेपूट, सारे लाकडाचे आणि वरून प्लायवुडचे पातळ आवरण. त्याचे गुरू गावाबाहेरच्या माळावर राहात. त्यांचे उभे आयुष्य लाकडी ग्लायडर बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात गेले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्याच शेडमध्ये हेरंबचे विमान आकार घेत होते.

आबा शिकवत, पण बोलत कमी. प्रारंभीचे कित्येक महिने त्यांनी हेरंबला केवळ निवडायला शिकवले. कोणती पटाशी हातात नीट बसते, कोणता रंधा लाकूड ओरबाडतो, कोणता शिकंजा घट्ट आवळल्यावर हळूच सैल पडतो. लाकूड घ्यायला गेले की ते फळी उजेडाकडे धरून तिच्या रेषा पाहात, नखाने टोकरत, ठोकून आवाज ऐकत आणि बहुतेक वेळा मान हलवून ती जागच्या जागी ठेवून देत. बोल्टसुद्धा एकेक उचलून त्याचे आटे बोटाने चाचपत. हेरंबला आधी या सगळ्याचा कंटाळा येई. पुढे त्याचीही नजर तयार झाली आणि नजरेबरोबर थोडा अभिमानही आला.

त्या अभिमानापोटीच पंखांसाठी लागणारा प्लाय त्याने एकट्याने जाऊन आणला. तालुक्याच्या बाजारपेठेत एका व्यापाऱ्याचे मोठे दुकान होते. व्यापाऱ्याने शीटवरचा शिक्का दाखवला, हा खास विमानाच्या कामाचा माल आहे म्हणून शपथ घेतली, चहा पाजला. शीट दिसायला निर्दोष होत्या. प्लायचा एक तुकडा कापून पाण्यात उकळून पाहायचा असतो, आतला गोंद अस्सल असेल तर थर सुटत नाहीत, हे हेरंबला ठाऊक होते. पण शिक्का पाहून त्याने तेवढे केले नाही. आबा त्या दिवसांत तापाने अंथरुणावर होते. बरे होऊन ते शेडमध्ये आले, तेव्हा एक पंख पूर्ण झाकून झाला होता.

आबांनी पंखावरून हात फिरवला, काम सफाईदार झाले आहे म्हणाले आणि उरलेला एक तुकडा स्टोव्हवर उकळत ठेवला. थोड्या वेळाने तो चिमट्याने बाहेर काढला, तेव्हा त्याचे थर एकमेकांपासून सुटून लोंबत होते. गोंदाचा पाण्यात पांढुरका चिखल झाला होता.

हेरंब त्या भांड्याकडे पाहातच राहिला. उघड्यावर एखादा पावसाळा काढल्यावर हाच पंख हवेत, जमिनीपासून उंचावर उकलला असता. मग त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने उरलेल्या सगळ्या शीट टेम्पोत भरल्या आणि बाजारपेठेचा रस्ता धरला. आबाही काही न बोलता त्याच्याबरोबर निघाले.

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. आबा टेम्पोतच बसून राहिले. हेरंबने आत शिरून ते सुटलेले थर व्यापाऱ्याच्या पुढ्यात टाकले आणि तोंडाला येईल ते बोलला. व्यापारी आधी हसला. प्लाय म्हणजे काय बटाटा आहे का उकळायला, असे गिऱ्हाइकांकडे पाहून म्हणाला. दोघेतिघे हसलेही. त्या हसण्याने हेरंबचा उरलासुरला संयम सुटला. त्याने व्यापाऱ्याची गचांडी धरली नाही, इतकेच. शिक्का, शपथ, चहा, सगळे त्याने बाहेर काढले. या पंखांच्या भरवशावर दोन माणसे आकाशात जाणार होती, हे साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. हळूहळू गिऱ्हाइके गप्प झाली. एकाने हातात घेतलेली शीट परत थप्पीला लावली. ते पाहताच व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. तो गादीवरून खाली आला. कारखान्यातूनच खोटा माल आला, मला कल्पना नव्हती, असे म्हणत त्याने हात जोडले. सगळा माल परत घेतो, पै न् पै चुकती करतो, वाया गेलेल्या पंखाची भरपाईही देतो, असे चारचौघांत कबूल केले आणि हमालांना टेम्पो रिकामा करायला सांगितले.

हेरंबचा श्वास अजून जोरात चालला होता, पण आत कुठेतरी त्याला फार बरे वाटत होते. एक लबाड माणूस त्याच्यापुढे हात जोडून उभा होता आणि सगळे ते पाहात होते.

तेवढ्यात आबा टेम्पोतून उतरले आणि हमालांना म्हणाले, "माल उतरवू नका. तो आमच्याबरोबर परत येईल."

व्यापाऱ्याला वाटले, आणखी काही हवे आहे. त्याने गल्ला उघडून पैसे पुढे केले. आबांनी ते घेतले नाहीत. हेरंब त्यांच्या जवळ जाऊन हे काय चालले आहे असे विचारू लागला, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "माल तुझा, पैसेही तुझे. उतरवायचा असेल तर उतरव. पण मग उद्यापासून माझ्या शेडमध्ये पाऊल टाकू नकोस."

त्यांचा आवाज चढला नव्हता. हात मात्र थरथरत होते. आजारातून नुकतेच उठलेत म्हणून असेल, असे हेरंबला वाटले.

तो दातओठ खात टेम्पोत जाऊन बसला. तिथून त्याला जे दिसले, त्याने त्याच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. आबांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढले आणि त्याच शिक्क्याच्या, दुकानात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या शीट विकत घेतल्या. हमालांनी त्या टेम्पोत चढवल्या. मग आबा व्यापाऱ्याला काही विचारत होते आणि व्यापारी कपाळ चोळत, आठवून आठवून सांगत होता. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा तजेला आला होता. आबा निघाले, तेव्हा तो त्यांच्या पाया पडला.

टेम्पो बाजारपेठेतून बाहेर पडला आणि हेरंबचे तोंड सुटले. आजवर गुरूंपुढे त्याने कधी आवाज चढवला नव्हता; आज काही शिल्लक ठेवले नाही. माझा पंख वाया गेला, पैसे गेले, आणि तुम्ही त्या चोराच्या घरी दिवाळी केलीत. लोक आता हसत असतील. तुम्हाला भीती वाटली का त्याची, असेही तो विचारून बसला. आबा समोरच्या रस्त्याकडे पाहात राहिले. ते काहीच बोलत नाहीत, हे हेरंबला सगळ्यांत असह्य झाले. त्याने टेम्पो थांबवायला लावला, उतरला आणि चालू लागला.

ऊन रणरणत होते. चालता चालता तो मनात आबांशी भांडत होता. आपले विमान त्यांच्या शेडमधून हलवायचे, हेही त्याने ठरवून टाकले. सांगाडा कुठे ठेवायचा, तो उचलायला कोणाला बोलवायचे, इथपर्यंत त्याचा विचार गेला होता.

पुढे एक फाटा लागला. तिथून डावीकडचा रस्ता गावाकडे जात होता. टेम्पो मात्र उजवीकडच्या रस्त्याला तोंड करून उभा होता आणि आबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. हेरंब त्यांना ओलांडून पुढे जाणार होता, पण पाय थांबले. तो बसला नाही. उभ्या उभ्याच त्याने विचारले, "तो हात जोडून उभा होता, आबा. त्याला असा कसा सोडलात?"

"त्याला सोडलं नाही," आबा म्हणाले. "दोन शीट पुराव्यासाठी वेगळ्या काढून ठेवायच्या, बाकीच्या जाळून टाकायच्या. आज बाजारात जे ओरडलास, तेच सरकारी कचेरीत तक्रार देऊन शांतपणे सांगायचं. त्याला वेळ लागेल. पण तू माल त्याला परत देत होतास. हमालांनी तो मागच्या गोदामात नेऊन थप्पीला लावला असता. शिक्का तर त्यावर आहेच. लोक पांगले, की दुसऱ्या कोणाला शपथ घालून, चहा पाजून त्याने तो विकला असता. तुझे पैसे तुला मिळाले असते, आणि हा प्लाय दुसऱ्याच्या पंखावर गेला असता."

हेरंबने टेम्पोतल्या थप्पीकडे पाहिले. मग त्याने विचारले, "तुम्हाला रागच आला नाही का?"

आबांनी आपले दोन्ही हात पाहिले. "मी टेम्पोतून इतका उशिरा का उतरलो? आत आलो असतो तर माझ्या हातून त्याला काहीतरी झालं असतं. राग तुलाही आला, मलाही आला. तुझा राग त्या माणसावर होता. त्याने हात जोडले आणि तो संपला. माझा राग या मालावर आहे. याला हात जोडता येत नाहीत."

मग त्यांनी व्यापाऱ्याशी काय बोलणे झाले, ते सांगितले. या मालातले आणखी कोणी काही नेले का, असे त्यांनी विचारले होते. दुकानदार म्हणाला, एकाने कपाटांसाठी नेले. आणि दुसरे एक सर आले होते, तेही विमान बांधतात. तुमच्याच माणसाने दुकानाचा पत्ता दिला, असे म्हणत होते.

ते कोण, हे हेरंबने लगेच ओळखले. ते खरात सर. उजवीकडच्या रस्त्यावरच्या गावात शिक्षक होते, सुट्ट्यांमध्ये विमान बांधत. चांगला प्लाय कुठे मिळेल, असे त्यांनी फोनवर विचारले होते आणि हेरंबने मोठ्या तोऱ्यात दुकानाचे नाव सांगितले होते. सकाळी तो तुकडा पाण्यात उकलल्यापासून त्याला आपला पंख आठवला होता, आपला झालेला अपमान आठवला होता. खरात सर एकदाही आठवले नव्हते.

तो टेम्पोत चढला.

खरात सरांचे दोन्ही पंख झाकून, वर पिवळा रंग देऊन तयार होते. ओसरीवर त्यांच्या पत्नी मागच्या सीटची गादी शिवत बसल्या होत्या. पहिल्या उड्डाणात त्याच मागे बसणार होत्या. हेरंबने जे झाले ते सांगितले. सरांनी आधी ते हसण्यावारी नेले. मग त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच उरलेल्या तुकड्याचे थर सुटले, आणि सर भडकले. मी तुमच्या शब्दावर दुकानात गेलो, दुकानदाराच्या नव्हे, असे ते म्हणाले. इतके दिवस आबांकडे शिकून एवढेही तपासता येत नसेल, तर दुसऱ्याला सल्ले देत फिरू नये, असेही म्हणाले. आणखी बरेच काही म्हणाले. त्यांच्या पत्नी सुई हातात धरून नुसत्या ऐकत होत्या.

मीही फसलो आहे, माझाही पंख गेला आहे, हे हेरंबच्या ओठांवर आले होते. पण समोर उभे राहून ओरडणाऱ्या त्या माणसात त्याला सकाळचा स्वतःचा आवाज ऐकू येत होता. त्याने हात जोडले नाहीत. सर थांबेपर्यंत तो मान खाली न घालता ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे, सर. मी सांगायला नको होतं. आता हे आवरण काढायला लागू या. फासळ्या चांगल्या आहेत, त्या वाचतील. पूर्ण होईपर्यंत मी रोज येईन."

सरांचा राग गेला नव्हता. आबा एव्हाना ओसरीवर टेकून डोळे मिटून बसले होते. मग सरांनी भिंतीवरची पटाशी काढून हेरंबच्या हातात दिली आणि पंख हलू नये म्हणून त्याचे दुसरे टोक स्वतः धरले.