करंजवटच्या पायऱ्यांवरचा शोक

तुम्ही उभे आहात त्या अकरा पायऱ्या खाडीकडे उतरतात आणि चिखलात संपतात. पाणी केव्हाच मागे हटलं. पण कधी काळी इथे यवनांची, म्हणजे ग्रीकांची, गलबतं लागत, असं जुनी माणसं सांगतात.

पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यांमधून गलबत आणायला तेव्हा गावचाच माणूस लागे. सामा कुंभारणीचा मुलगा भद्र ते काम करी. एका यवन गलबताला वाट दाखवताना तो बुडाला. गलबत सुखरूप लागलं. सामा प्रेत मांडीवर घेऊन पायरीवर रडत होती, तेव्हा गलबताचा मालक म्हणे दुभाष्याला म्हणाला, "हिला रडायला कुणी बसवलं? यांच्यात रडत नाहीत. प्रेत कोल्ह्यांपुढे टाकतात आणि जेवायला बसतात. आमच्या पोथीत लिहिलंय."

दुभाष्यानं मान खाली घालून ते तिला सांगितलं. सामाचं रडणं थांबलं.

"लिहिणारा इथं कधी आला होता?"

"तो घर सोडून कुठंच गेला नाही, माय. पण फार विद्वान होता म्हणतात."

"विद्वान, आणि घरात बसून आमच्या मढ्यांचं लिहितो? ती ओळ खोडायला सांग."

मालक हसला. बाई डोळ्यांसमोर रडत होती, तरी त्याचा विश्वास पोथीवर.

मुलाला अग्नी दिल्यावर सामा पायरीवर परतली आणि समुद्राकडे तोंड करून मोठ्यानं रडू लागली. गावच्या बायका येऊन बसल्या. गलबत बाहेर न्यायला एकही नावाडी उठेना. "पोथीत वाट लिहिली असेल, बघ की," नावाड्यांनी मालकाला सुनावलं. त्यानं दोनदा स्वतः प्रयत्न केला. दोन्ही वेळा गलबत वाळूत रुतलं. तेराव्या दिवशी तो पोथी घेऊन पायऱ्यांवर आला आणि सगळ्यांदेखत त्यानं ती ओळ खरवडून काढली. मग सामाच्या दिरानं गलबत बाहेर नेलं.

गावाला वाटलं, झालं. सामा उठली नाही. तिनं दुभाष्याला विचारलं, "अशा पोथ्या किती?"

"समुद्रापलीकडे नकला करणारे पुष्कळ आहेत, माय."

"मग तिथवर ऐकू जाईल असं रडा," ती बायकांना म्हणाली.

आजही करंजवटला माणूस गेलं, की अग्नी देऊन आलेले लोक आधी घरी जात नाहीत. या पायऱ्यांवर बसतात, पश्चिमेकडे तोंड करतात आणि मोठ्यानं रडतात. पुरुषही. बाहेरच्यांना ते रानटी वाटतं. काहीजण तसं लिहूनही गेले. लिहोत. इथं रडणाऱ्याला कुणी 'पुरे' म्हणत नाही.